पगाराच्या मेसेजमधले पाचशे रुपये: जळगावातल्या एका कारखान्यातलं रजेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2024 सालचं, जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनवणाऱ्या एका कारखान्यातलं. असे कारखाने जळगावात डझनांनी आहेत, त्यामुळे एवढ्यावरून कोणाची ओळख पटायची नाही. वय, मुलं, गाव वगैरे तपशील बदलले आहेत. जिच्याबद्दल लिहिते आहे तिला इथे सुनंदा म्हणते. लिहायला तिची परवानगी आहे.

मी या कारखान्याच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत अशी समिती लागते आणि तिच्यावर एक सदस्य बाहेरचा लागतो. बैठक, चहा, सह्या आणि वर्षाअखेरीस "एकही तक्रार नाही" असा अहवाल, एवढ्यावरच बहुतेक समित्यांचं चालतं. इथेही तसंच चाललं होतं.

सुनंदा शिलाई-पॅकिंगला होती. मागावरून आलेल्या चटईच्या कडांना पट्टी शिवायची, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. सहा वर्षं कायम कामगार, पगार महिन्याला ₹13,500. एकही खाडा नसेल त्या महिन्यात वर ₹500 हजेरी बक्षीस. नवरा लोडिंग रिक्षा चालवायचा, म्हणजे भाडं मिळालं तर चालवायचा. मुलगी सहावीत, मुलगा चौथीत. सासर जळगावातच, माहेर चोपडा तालुक्यात.

एक तपशील आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. पगार तिच्याच नावच्या खात्यात जमा व्हायचा, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा होता आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात.

प्रश्न कसा पुढे आला

हिंसाचाराची तक्रार म्हणून तो आलाच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत सुनंदाचे 11 खाडे झाले आणि सुपरवायझरने तिला लेखी मेमो दिला. तिने उत्तर लिहिलं, "तब्येत बरी नव्हती." मेमो फायलीला लागला. पुढे मी मस्टर मागवून पाहिलं, तेव्हा 11 पैकी सात खाडे पगार झाल्यानंतरच्या आठवड्यातले निघाले. मस्टर बघणारा माणूस खाडे मोजतो, तारखा वाचत बसत नाही, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

मार्चमध्ये नवरा कारखान्याच्या गेटवर आला. वॉचमनने आत निरोप दिला, सुपरवायझरने गेटपास लिहिला आणि चालू पाळीत तिला बाहेर पाठवलं. त्यांच्या डोक्यात वाईट काही नव्हतं. घरचं माणूस आलंय, काही निकडीचं असेल, एवढंच. ती त्या दिवशी परत आत आली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आली तेव्हा उजवा हात वर उचलत नव्हता आणि ती डाव्या हाताने पट्टी धरून शिवायचा प्रयत्न करत होती. शेजारच्या मशीनवरच्या बाईने अकाउंट्समधल्या मॅडमना सांगितलं. या मॅडम समितीच्या अध्यक्ष. त्यांनी मला फोन केला.

आम्ही तिघी कॅन्टीनच्या मागच्या खोलीत बसलो. सुनंदा बराच वेळ मेमोबद्दलच बोलत होती. नोकरी जाईल का, हाच तिचा घोर. मार खाल्ल्यावर सुजलेला चेहरा घेऊन कामावर येता येत नाही म्हणून खाडा. खाड्याने पगार कमी, बक्षीसही जातं. मग तिचं वाक्य तिच्याच शब्दांत: "खाडा पडना का त्याले लगेच समजस, ताई. मेसेज त्याना मोबाइलवर जास." पगार कमी जमा झाला की "कुठे गेली होतीस?" या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात. मारामुळे खाडा आणि खाड्यामुळे मार.

म्हणून तिला "घे की चार दिवस सुट्टी" असं सांगण्यात काहीच अर्थ नव्हता. बिनपगारी सुट्टी तिला आणखी गोत्यात आणणारी होती.

कायद्यात काय होतं, काय नव्हतं

पहिली अडचण आमचीच. अंतर्गत समितीचं काम कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळापुरतं. त्या कायद्याच्या कलम 12 नुसार चौकशी चालू असताना तक्रारदार बाईला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देण्याची शिफारस समितीला करता येते. पण घरात मारणारा नवरा त्या व्याख्येत बसत नाही. सहकाऱ्याने छळलं तर तीन महिने, नवऱ्याने हात मोडला तर शून्य दिवस.

दुसरीकडे 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, जो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, तो नोकरीचा विचार बऱ्यापैकी करतो. कलम 18 खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला बाईच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकायला मनाई करू शकतात. कलम 20 खाली बुडालेल्या कमाईची भरपाई त्याच्याकडून मागता येते. हिंसाचार मजुरी खातो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं, असा याचा अर्थ. पण हा सगळा दिलासा मिळवायला संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेला अधिकारी), वकिलाकडे, कोर्टात जावं लागतं, तेही सगळं कचेरीच्या वेळात, आणि त्या वेळेचा पगार कोणी द्यायचा याबद्दल कायदा मालकाला काहीच सांगत नाही.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न रजेनेच सोडवायचा प्रयत्न झाला आहे. फिलिपिन्समध्ये 2004 च्या कायद्याने दहा दिवस पगारी रजा आहे. न्यूझीलंडमध्ये 1 एप्रिल 2019 पासून दहा दिवस, आयर्लंडमध्ये नोव्हेंबर 2023 पासून पाच. ऑस्ट्रेलियात 1 फेब्रुवारी 2023 पासून मोठ्या मालकांना आणि त्याच वर्षीच्या 1 ऑगस्टपासून छोट्यांनाही दहा दिवसांची पगारी रजा द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या 190 क्रमांकाच्या करारासोबतची शिफारसही अशा रजेचं नाव घेते. भारताने तो करार तेव्हा स्वीकारलेला नव्हता.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटला तो ऑस्ट्रेलियातला एक लहानसा नियम: ही रजा पगाराच्या स्लिपवर तिच्या नावाने दाखवायची नाही. बाईची स्लिप कोण वाचतं हे तो नियम करणाऱ्याला नेमकं माहीत होतं. जळगावात स्लिपच्या जागी एसएमएस होता, एवढाच फरक.

कोणते पर्याय होते

एचआर अधिकारी, अध्यक्ष मॅडम आणि मी असे तिघं बसलो तेव्हा पहिला विचार शिल्लक रजेचा झाला. त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे कामाच्या 20 दिवसांमागे एक पगारी रजा मिळायची. सुनंदाच्या खात्यावर तीनच दिवस उरले होते. शिवाय या रजेचा अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागायचा. आजारपण असेल तर ही अट सुटायची. मार कधी बसणार हे 15 दिवस आधी कळवण्याची सोय कुठेच नाही.

दुसरा पर्याय ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा. तिचं कार्ड होतं. डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला तर सरासरी मजुरीच्या 70 टक्के भत्ता वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळू शकतो. जखम असेल त्या दिवसांसाठी हे ठीक. पण पहिले दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत, पैसे त्याच जुन्या खात्यात जाणार, आणि कोर्टाच्या तारखेला ती आजारी नसणार. तारखेसाठी खोटं आजारपण दाखवायला डॉक्टरांना सांगणं आम्हाला कोणालाच नको होतं.

तिसरा पर्याय एचआरचा, आणि तो मला आधी फार आवडला होता: मस्टरवर "ओडी", म्हणजे कंपनीच्या कामासाठी बाहेर, अशी नोंद करायची. पगार पूर्ण, बक्षीस शाबूत, कोणाला काही कळणार नाही. मोडता घातला तो अध्यक्ष मॅडमनी. ओडीवर असताना रस्त्यात तिला अपघात झाला, किंवा नवऱ्यानेच गाठलं, तर कागदोपत्री ती कंपनीच्या कामावर असणार. मग अपघाताचा अहवाल काय लिहायचा? कोर्टात नवऱ्याच्या वकिलाने मस्टर मागवलं आणि ती त्याच तारखेला संरक्षण अधिकाऱ्याकडे होती हे निघालं, तर खोटं कोण ठरणार? ज्या बाईचा सगळा खटला तिच्या शब्दावर उभा राहणार, तिच्या नावाने खोटी नोंद करून ठेवणं म्हणजे तिच्याच पायाखालची फळी काढणं. ओडी बाद झालं.

उरला चौथा: कंपनीने आपणहून नवी पगारी रजा सुरू करायची.

शेठजींची परवानगी आणि पुराव्याचा वाद

शेठजींचं पहिलं वाक्य अपेक्षितच होतं. "नवरा-बायकोच्या भांडणात कंपनीने कशाला पडायचं?" दुसरं, "उद्या सगळ्याच बाया मागतील." पहिल्याला मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्याला एचआरने हिशेब दिला. ₹13,500 ला 26 ने भागलं की दिवसाचे सुमारे ₹520. दहा दिवसांचे ₹5,200. तीन महिन्यांत 11 वेळा आयत्या वेळी मशीन रिकामं राहिलं, गठ्ठे अडले, ऑर्डरसाठी दुसऱ्या पाळीला ओव्हरटाइम द्यावा लागला, तो खर्च याच्यापेक्षा कमी नव्हता. शेठजींना आकडे पटतात. त्यांनी "पुरुषांना मार पडत नाही का?" असंही विचारलं. विचारलं टोमण्यात, पण प्रश्न रास्त होता, म्हणून नियमात "कर्मचारी" असाच शब्द ठेवला.

खरा वाद पुराव्यावर झाला. एचआरचं म्हणणं, एफआयआरची प्रत हवी. त्यांचीही बाजू होती: उद्या ऑडिटला कागद लागतो. पण एफआयआर मागणं म्हणजे शेवटची पायरी चढून आल्यावर पहिल्या पायरीचं दार उघडणं. कित्येक बायांना पोलीस नकोच असतात. मार थांबावा, डोक्यावर छप्पर राहावं, एवढंच हवं असतं. सुनंदाही त्यांतलीच. फिलिपिन्समध्ये बारांगायच्या प्रमुखाचा, म्हणजे साधारण आपल्या सरपंचासारख्याचा, दाखला चालतो. आपल्याकडे हे केलं तर दाखल्यावरची शाई वाळायच्या आत सासरी बातमी पोचेल.

शेवटी असं ठरलं. वर्षात दहा दिवस. पहिले दोन दिवस फक्त तिच्या शब्दावर. त्यापुढे संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर (हिंसाचार सोसणाऱ्या बायांसाठीचं सरकारी मदत केंद्र), डॉक्टर किंवा वकील यांपैकी कोणाचीही दोन ओळींची चिठ्ठी पुरेल. ती चिठ्ठी अध्यक्ष मॅडमनी पाहायची आणि परत द्यायची, फायलीला लावायची नाही. रजा पूर्ण, अर्धा दिवस किंवा दोन तास अशी कशीही घेता येईल.

या दोन तासांवर मी अडून बसले होते. अशा बाईची बरीच कामं दिवसाची नसतातच. वकिलाला भेटायला तास लागतो, बँकेला तास लागतो. आणि घरच्यांच्या लेखी ती त्या वेळात कामावरच असते. पाळीची वेळ हीच काय ती तिची नवऱ्याच्या नजरेबाहेरची जागा.

नोंदीसाठी "विशेष पगारी रजा" असं नवं शीर्षक काढलं आणि रक्तदान, जवळच्या माणसाचा मृत्यू यांसाठीच्या सुट्ट्याही त्याच शीर्षकाखाली आणल्या, म्हणजे मस्टर उघडणाऱ्याला नेमकं कारण कळू नये.

रजेबरोबर आणखी दोन गोष्टी झाल्या. सुनंदाचा मेमो लेखी मागे घेतला. आणि वॉचमनला सूचना गेली की चालू पाळीत कोणालाही नातेवाइकासाठी गेटवर बोलवायचं नाही, अमुक बाई आज कामावर आहे की नाही हेही सांगायचं नाही, निरोप चिठ्ठीवर घ्यायचा. या सूचनेला एक रुपया खर्च नव्हता. रजेचा नियम नसता तरी ती आधीच असायला हवी होती.

एप्रिल

पुढचे निर्णय सुनंदाचे. घर सोडायचं हे तिने ठरवलं होतं, कधी हे ठरायचं होतं. तिने आखाजी निवडली. आखाजी हा खानदेशात सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधतात. आखाजीला माहेरी जाणाऱ्या बाईला कोणी "का चाललीस?" असं विचारत नाही. मुलांच्या शाळेलाही सुट्टी. त्या वर्षी आखाजी 10 मेला होती. त्या आधी कागदपत्रं तयार ठेवायची.

एप्रिलमध्ये तिने दोन वेळा अर्धा दिवस आणि एकदा दोन तास घेतले. एका अर्ध्या दिवसात संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन डीआयआर, म्हणजे कौटुंबिक घटनेचा अहवाल भरला. दुसऱ्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाला. बाईला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तिला माहीत नव्हतं. कारखान्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं, खरं तर.

दोन तासांत बँकेत नवं खातं उघडून झालं. इथे एक बारीक खोच होती. आधार कार्डावरचा पत्ता सासरचा, त्यामुळे नवं एटीएम कार्ड पोस्टाने थेट नवऱ्याच्या हातात पडलं असतं. म्हणून शाखेतच हातोहात मिळणारं कार्डाचं किट घेतलं. नवं सिमकार्ड, पासबुक आणि किट अध्यक्ष मॅडमच्या टेबलाच्या कुलपाच्या खणात राहिलं. पगाराचं खातं लगेच बदलावं का, यावर आमच्यात चर्चा झाली. मी म्हणत होते बदला. सुनंदा नको म्हणाली. पगाराचा मेसेज आलाच नाही तर तो त्याच दिवशी गेटवर येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खातं माहेरी पोचल्यावर बदलायचं ठरलं.

7 मे

त्या वेळी लागू असलेल्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हावा लागायचा. इथे तो बहुतेक 7 लाच व्हायचा. 7 मेला दुपारी तो जमा झाला, नवऱ्याच्या मोबाइलवर मेसेज गेला आणि त्यात रक्कम पाचशेने कमी होती.

झालं होतं असं. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये "विशेष पगारी रजा" हा नवा कोड टाकला होता आणि त्या दिवसांचा पगार बरोबर निघाला होता. पण हजेरी बक्षिसाचा नियम सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या ठिकाणी होता. तिथे "हजर" आणि साप्ताहिक सुट्टी सोडून दुसरा कोणताही कोड दिसला की बक्षीस शून्य. नियमाचा मसुदा तीनदा वाचून झाला होता, "पगारात कोणतीही कपात होणार नाही" असं त्यात स्पष्ट होतं. बक्षीस हा पगाराचा भाग आहे की नाही, हे कोणीच सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी "पाचशे कुठे गेले, खाडा कधी केलास?" यावरून तिला मारहाण झाली. शेजारणीने तिला सिव्हिलला नेलं. तिथे डॉक्टरांनी पोलिसांकडे जाणारी नोंद, म्हणजे एमएलसी केली. 8 मेला पहाटे ती मुलांना घेऊन माहेरी गेली, ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी आणि निम्मं सामान मागे ठेवून. 498-अ ची, म्हणजे नवऱ्याकडून होणाऱ्या क्रूरतेच्या गुन्ह्याची फिर्याद तिने तेव्हाही दिली नाही. (1 जुलै 2024 पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे.)

8 तारखेपासून सलग चार दिवस तिने विशेष रजा घेतली आणि पुढे आठवडाभर ईएसआयच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाची. पगाराचं खातं 9 मेला फोनवरून कळवून बदललं. बक्षिसाचे ₹500 नव्या खात्यात जमा झाले.

पुढे काय झालं

माहेरी भावांनी सांभाळलं, पण दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची बैठक बसवावी असा त्यांचा आग्रह होता. सुनंदा म्हणाली, बैठक बसवा, पण कोर्टात अर्ज आधी टाकते. टाकलाही. कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात अंतरिम आदेशच जूनमध्ये मिळाला. त्यात नवऱ्याला तिच्याशी संपर्क करायला आणि कारखान्याच्या आवारात यायला मनाई होती. आदेशाची प्रत गेटवरच्या वहीत चिकटवली. जुलैत तो एकदा आला तेव्हा वॉचमनने वाद न घालता 112 ला फोन लावला. असा आदेश मोडणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा ₹20,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांनी समज दिली. त्यानंतर तो आलेला नाही.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास ती आईला सोबत घेऊन जळगावच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत आली. कंपनीने तिची पाळी बदलून जनरल शिफ्ट दिली आणि बसचा थांबा बदलला. मुलांचा दाखला जुन्या शाळेतून निघेना, वडिलांची सही आणा म्हणाले. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. हे कलम छापून नेलं तेव्हा प्रवेश झाला. त्यासाठी एक अख्खा दिवस गेला. बाकी रजा कोर्टाच्या तारखांना अर्ध्या अर्ध्या दिवसाने वापरली गेली. सकाळी अकराला जाऊन बसायचं आणि तीनला कळायचं की पुढची तारीख पडली. डिसेंबरअखेर तिचे सुमारे साडेआठ दिवस वापरून झाले होते. मेपासून पुढे तिचा एकही खाडा नाही.

किंमतही मोजावी लागली. कारण फक्त आम्हा तिघांना माहीत होतं, सुपरवायझरला नव्हतं. लाइनवर कुजबुज सुरू झाली: हिलाच कशी सुट्टी मिळते? गेटपासवर एचआरच्या साहेबांची सही, म्हणून तिच्या चारित्र्यावरही बोललं गेलं. गुप्तता पाळली की त्या रिकाम्या जागेत अफवा येऊन बसतेच. जूनपासून गेटपासवर अध्यक्ष मॅडम सही करू लागल्या, त्याने थोडा फरक पडला, पूर्ण नाही. सुपरवायझरला सुनंदाच्याच परवानगीने जुलैत सांगितलं. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर मेमो काढलाच नसता." खरंही असेल. पण ज्यांनी मेमो दिला आणि गेटवर पाठवलं त्यांच्यावर तिने विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा होता?

काय वेगळं करता आलं असतं

पगाराचा कच्चा हिशेब आधी काढून बघणं हे उघडच. नवा कोड टाकला की एका महिन्याची खोटी हजेरी भरून हातात पडणारी शेवटची रक्कम पाहायची, पाच मिनिटांचं काम आहे. आता या कारखान्यात ते होतं. दुसऱ्या दोन कारखान्यांत मी हा नियम सुचवला, तिथे मसुद्यात पहिलं वाक्य हेच घातलं: रजा घेतलेल्या महिन्यात खात्यात जमा होणारी रक्कम एक रुपयानेही बदलता कामा नये, बक्षीस आणि भत्ते धरून.

दुसरं, सगळी तयारी एकाच तारखेला बांधलेली होती. आखाजीचं निमित्त चांगलंच होतं, पण त्या आधी काही घडलं तर रात्री कुठे जायचं, कोणाला फोन करायचा, कागदांची पिशवी कुठे, याची आखणी नव्हती. संरक्षण अधिकारी आणि 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन यांच्याशी बोलून ती एप्रिलमध्येच करता आली असती. ती रात्र शेजारणीमुळे निभावली.

तिसऱ्या मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. एचआरचं म्हणणं आहे की सुपरवायझरला पहिल्या दिवसापासून सांगायला हवं होतं, अफवा टळल्या असत्या. मला ते पटत नाही. त्याला कारण सांगण्यापेक्षा, "विशेष पगारी रजेचं कारण सुपरवायझरने विचारायचं नाही" हा नियम सर्वांसाठी फळ्यावर लावला असता तर बरं झालं असतं. तो आता लागला आहे.

न सुटलेली बाजू

ऑगस्टमध्ये कॅन्टीनबाहेर एका बाईने मला थांबवलं. ती ठेकेदाराकडची. सुनंदाच्या शेजारच्याच मशीनवर, तीच पट्टी शिवणारी. "ही सुट्टी ठेकेदाराकडच्या बायांना भेटते का?" नियमात "कंपनीच्या पटावरील कर्मचारी" असं लिहिलं आहे. ठेकेदाराचं म्हणणं, सुट्टी देईन, पण त्या दिवसाची मजुरी कंपनीने बिलात द्यावी. शेठजींचं म्हणणं, ठेका दरडोई दरावर आहे, दर ठरलेला आहे. पॅकिंगच्या निम्म्याहून अधिक बाया ठेकेदाराकडच्या आहेत.

त्या बाईला मी सखी सेंटरचा पत्ता दिला, आणि तिला तिथे जायचं होतं त्या दिवशी तिची हजेरी बुडाली. नव्या ठेक्याच्या मसुद्यात दहा दिवसांचं कलम एचआरने घातलं आहे. ठेकेदाराने त्यावर दर वाढवून मागितला आहे आणि शेठजींची सही व्हायची आहे.